रस्त्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं? (काये, कार्रेतेरा, कामिनो, औतोविआ आणि बाकीचा गोतावळा)

भाषांतरवाली

नमस्कार मंडळी. महाराष्ट्रातल्या गडकिल्ल्यांवरच्या एका पर्यटन पुस्तिकेचं स्पॅनिश भाषांतर चाललंय. वाचक स्पेनचे असतील, तसेच मेक्सिको, कोलंबिया आणि आर्जेन्टिनाचेही. गाडं अडलंय 'रस्ता' या साध्या शब्दापाशी. कोश उघडला की काये, कामिनो, कार्रेतेरा, विआ, रुता, काल्सादा अशी रांग लागते, पण कुठला कधी वापरायचा हे काही कळत नाही. नमुन्याची वाक्यं अशी:

१. स्टेशनसमोरच्या रस्त्याने सरळ जा.
२. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे.
३. पुढचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता आहे.
४. वाडा गल्लीच्या टोकाला आहे. गल्ली पुढे बंद होते.
५. घाटातला रस्ता अरुंद आहे, पावसाळ्यात दरडी कोसळतात.
६. रस्ता ओलांडून पायवाटेने गडावर जा.

एकच मजकूर सगळ्या देशांत चालेल का, की देशागणिक वेगळा करावा लागेल?

नकाशेबहाद्दर

मराठीत 'रस्ता' कशालाही चालतो. स्पॅनिशमध्ये आधी एक प्रश्न सोडवायचा: रस्ता वस्तीत आहे की वस्तीबाहेर?

वस्तीत, दोन्ही बाजूंना घरं-दुकानं असलेला तो काये. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा डांबरी रस्ता तो कार्रेतेरा. गावातल्या बाजारपेठेच्या रस्त्याला कार्रेतेरा म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल, दुकान गावाबाहेर हमरस्त्यावर आहे. उलट सातारा–कोल्हापूर रस्त्याला काये म्हटलं तर नुसतं हसू येईल.

कार्रेतेरा गावातून जाते तेव्हा स्पेनमध्ये तेवढ्या तुकड्याला त्रावेसिआ म्हणतात, आणि हा कायद्यातला शब्द आहे. गाव संपलं की तीच पुन्हा कार्रेतेरा. मात्र शहरातल्या पाट्यांवर 'त्रावेसिआ दे अमुक' दिसलं तर तो दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा छोटा आडवा रस्ता समजायचा. शब्द एक, अर्थ दोन.

कामिनो म्हणजे बहुधा डांबर नसलेली गावाकडची वाट. शिवाय 'वाट' या अमूर्त अर्थानेही तोच येतो. घरी जायचा रस्ता, यशाचा रस्ता, 'रस्त्यात भेटला' हे सगळं कामिनो. मराठीतून भाषांतर करताना सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण कोशात पहिला शब्द बहुतेक कामिनोच असतो आणि लोक तो शहरातल्या सहापदरी रस्त्यालाही चिकटवतात.

काल्सादा म्हणजे रस्त्याचा फक्त वाहनं चालतात तो भाग, फुटपाथ सोडून. 'रस्ता निसरडा आहे' अशा वाक्यात स्पेनमध्ये काल्सादा किंवा फिर्मे (रस्त्याचा पृष्ठभाग) येतं. विआ हा सरकारी कागदांतला सर्वसमावेशक शब्द, 'सार्वजनिक मार्ग' या वजनाचा. स्पेनमध्ये बोलताना कोणी त्याच्या वाटेला जात नाही, आणि रेल्वेच्या रुळांनाही विआच म्हणतात, तेव्हा जपून.

रुता स्पेनमध्ये म्हणजे 'प्रवासाचा मार्ग', कुठून कुठे कसं जायचं तो. आर्जेन्टिना आणि उरुग्वेत मात्र गावांना जोडणारा हमरस्ता म्हणजेच रुता, तिथे कार्रेतेरा फारसं कोणी म्हणत नाही.

रिकामटेकडा

द्रुतगती महामार्गाला औतोपिस्ता आणि औतोविआ असे दोन शब्द आहेत, त्यांतला फरक सोपा आहे. टोल असेल तर औतोपिस्ता, नसेल तर औतोविआ. संपला विषय.

नकाशेबहाद्दर

@रिकामटेकडा, हे समीकरण स्पेनमध्येही बरेच जण सांगतात, पण कायदा तसं म्हणत नाही आणि आता ते व्यवहारातही जुळत नाही.

स्पेनच्या २०१५ च्या रस्ते कायद्यानुसार औतोपिस्ता फक्त मोटारवाहनांसाठी असते. शेजारच्या जमिनीतून तिच्यावर थेट वाट काढता येत नाही, दुसरा रस्ता, रेल्वे, पायवाट काहीही तिला त्याच पातळीवर छेदत नाही, आणि दोन दिशांचे मार्ग वेगळे असतात. औतोविआलाही दोन वेगळे मार्ग असतात, पण ती औतोपिस्ताच्या सगळ्या अटी पुऱ्या करत नाही. शेजारच्या जमिनींना तिच्यावर मर्यादित वाट मिळू शकते. या व्याख्यांमध्ये टोलचा संबंध नाही.

गोंधळ झाला तो क्रमांकांमुळे. 'ए' म्हणजे औतोविआ आणि 'एपी' म्हणजे टोलची औतोपिस्ता, अशी पाट्यांची पद्धत आहे. पण एपी-७ चा तार्रागोना ते आलिकांते हा पट्टा आणि सेविया–कादिसची एपी-४ हे १ जानेवारी २०२० पासून टोलमुक्त झाले. कातालोनियातल्या एपी-७ आणि एपी-२ चा टोल २०२१ च्या ऑगस्टअखेर संपला. रस्ता तोच, पाटीवर एपी-७ च, टोल शून्य. म्हणून भाषांतरात टोल सांगायचाच असेल तर 'औतोपिस्ता दे पेआखे' असं स्पष्ट लिहायचं, नुसत्या औतोपिस्तावर विसंबायचं नाही.

गाडी चालवणाऱ्याला फरक कुठे जाणवतो? वेगमर्यादा दोन्हीकडे ताशी १२० आणि किमान वेग ६०, म्हणजे तिथे नाही. जाणवतो वळणांवर आणि बाहेर पडायच्या फाट्यांवर. १९८४ ते १९९१ च्या राष्ट्रीय रस्ते योजनेत बऱ्याच औतोविआ जुन्या राष्ट्रीय कार्रेतेराला शेजारी दुसरा मार्ग जोडून झाल्या. जुन्या रस्त्याची वळणं तशीच राहिली आणि काही ठिकाणी गाडी महामार्गात शिरायची पट्टी फारच तोकडी आहे. सायकलवाल्यांसाठीही फरक मोठा: १४ वर्षांवरचा सायकलस्वार औतोविआच्या कडेच्या पट्टीवरून (आर्सेन) जाऊ शकतो, पाटी लावून बंदी केलेली नसेल तर. औतोपिस्तावर सायकल अजिबात नाही.

साध्या, दुभाजक नसलेल्या कार्रेतेरावर ताशी ९० ची मर्यादा आहे, जानेवारी २०१९ पासून. पुस्तिकेत वेग लिहायचा झाला तर हे आकडे तपासून घ्या, जुन्या प्रवासमार्गदर्शकांत अजून १०० छापलेलं सापडतं.

मेक्सिकोवारी

मेक्सिकोत औतोविआ हा शब्द बाजूला ठेवा. तिथली जोडी 'लिब्रे' आणि 'दे क्वोता'. एकाच दोन शहरांमध्ये बऱ्याचदा दोन रस्ते असतात: जुना, फुकट, गावागावांतून जाणारा तो कार्रेतेरा लिब्रे, आणि टोलचा तो औतोपिस्ता दे क्वोता. फाट्यावर पाटीवर मोठ्या अक्षरात 'क्वोता' आणि 'लिब्रे' एवढंच असतं. चुकीच्या बाजूला गेलात की पुढच्या फाट्यापर्यंत सुटका नाही. टोलच्या राष्ट्रीय रस्त्याच्या क्रमांकापुढे 'डी' असतो, उदाहरणार्थ ९५-डी. टोलनाक्याला कासेता म्हणतात. पेआखे हा शब्दही मेक्सिकोत कळतो, त्यामुळे सगळ्यांसाठी एकच मजकूर हवा असेल तर पेआखे धरा.

गावाला वळसा घालणारा बाह्यवळण रस्ता मेक्सिकोत लिब्रामिएंतो, स्पेनमध्ये सिर्कुन्वालासिओन किंवा वारिआंते. महामार्गाला समांतर जोडरस्ता मेक्सिकोत लातेराल, स्पेनमध्ये विआ दे सेर्विसिओ, आर्जेन्टिनात कोलेक्तोरा, चिलीत कालेतेरा. हे चारही शब्द आपापल्या देशाबाहेर गेले की समोरचा नुसता बघत बसतो.

आणखी एक. मेक्सिको शहरात काल्सादा म्हणजे रुंद मोठा रस्ता, काल्सादा दे त्लाल्पान हे ठळक उदाहरण. वर नकाशेबहाद्दर यांनी दिलेला 'वाहनांचा भाग' हा अर्थ तिथल्या वाहतूक नियमांत आहेच, पण रस्त्याच्या नावात काल्सादा दिसली की ती आवेनिदाची (रुंद शहरी रस्त्याची) बहीण.

पाणंद

तिसरं वाक्य, कच्चा रस्ता. सगळीकडे कळेल असा शब्द 'कामिनो दे तिएर्रा', मातीचा रस्ता. याच्या पलीकडे गेलात की देश निवडावाच लागतो.

स्पेनमध्ये 'सिन आस्फाल्तार' म्हणजे डांबर न केलेला. रानात वनखात्याची जीप जाईल असा रुंद कच्चा रस्ता तो पिस्ता फोरेस्ताल. हा पिस्ता शब्द पेरूत नेऊ नका. तिथे पिस्ता म्हणजे शहरातला गाड्यांचा रस्ता, फुटपाथच्या खालचा भाग. आणि कुठेही गेलात तरी विमानतळावरची धावपट्टी पिस्ताच.

मेक्सिकोत कच्चा रस्ता तेर्रासेरिआ, आणि त्याहून वाईट, झाडीतून कशीबशी काढलेली गाडीवाट ती ब्रेचा. कोलंबियात 'कार्रेतेरा देस्तापादा', अक्षरशः उघडी पडलेली. त्याहून खडतर ती त्रोचा. त्रोचाबद्दल सावध राहा, कोलंबिया–व्हेनेझुएला सीमेवर त्रोचा म्हटलं की चोरट्या मार्गाने सीमा ओलांडायची वाट हा अर्थ आधी डोळ्यांसमोर येतो.

आर्जेन्टिना आणि चिलीत रिपिओ, म्हणजे खडी पसरलेला रस्ता. मातीचा रस्ता आणि रिपिओ एक नव्हेत. मातीचा रस्ता पावसात चिखल होतो. रिपिओ पावसातही चालतो, पण सुटी खडी काचेवर उडते आणि ब्रेक दाबला की गाडी घसरते. आर्जेन्टिनाची रुता ४० पाच हजार किलोमीटरहून लांब आहे आणि तिचे काही तुकडे अजून रिपिओ आहेत. चिलीच्या कार्रेतेरा आउस्त्रालचंही तेच. भाड्याच्या गाडीच्या करारात रिपिओवर नेण्याबद्दल वेगळं कलम असू शकतं, तेव्हा तिथल्या वाचकासाठी 'मातीचा' आणि 'खडीचा' हा भेद भाषांतरात राखायला हवा. आपल्याकडच्या खडीकरण झालेल्या पण डांबर न पडलेल्या रस्त्याला आर्जेन्टिनासाठी रिपिओ अगदी चपखल बसेल.

पायवाट: सेंदेरो किंवा सेंदा. गडाच्या पायवाटेला सेंदेरो लिहा, सगळीकडे चालेल. सेंदाचं आर्जेन्टिनात एक वेगळं लचांड आहे, तिथे 'सेंदा पेआतोनाल' म्हणजे रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे.

जाता जाता: स्पेनमध्ये मेंढपाळांच्या कळपांसाठी राखलेल्या वाटा आजही कायद्याने संरक्षित आहेत. १९९५ च्या कायद्यात त्यांची रुंदीनुसार प्रतवारी आहे: कान्यादा ७५ मीटरपर्यंत, कोर्देल ३७.५ मीटरपर्यंत, वेरेदा २० मीटरपर्यंत. नकाशावर 'कान्यादा रेआल' दिसली तर ती पायवाट समजू नका, रुंदीने ती आपल्या महामार्गाला मागे टाकेल. माद्रिदजवळ तर अशा एका कान्यादावर आख्खी वस्ती उभी राहिली आहे.

शुद्धलेखनी

वेरेदा! हा शब्द आलाच आहे तर लाल शाईने लिहून ठेवा. स्पेनमध्ये अरुंद पायवाट. आर्जेन्टिना, उरुग्वे, चिली, पेरूत फुटपाथ. कोलंबियात गावाच्या हद्दीतला ग्रामीण विभाग, म्हणजे साधारण आपली वाडी. 'वेरेदातून चाला' हे वाक्य तीन देशांत तीन ठिकाणी पोचतं.

फुटपाथसाठी स्पेनमध्ये आसेरा, मेक्सिकोत बांकेता, कोलंबियात आंदेन. आंदेन स्पेनमध्ये रेल्वेचा फलाट. सगळ्यांना कळेल असं आसेरा लिहा, पुस्तिकेला ते पुरे.

राम्ब्लाही तसाच फसवा. बार्सेलोनात तो मधोमध चालायची रुंद जागा असलेला रस्ता. उरुग्वेच्या राजधानीत, मॉन्टेविडिओत, राम्ब्ला म्हणजे किनाऱ्याने जाणारा, वीस किलोमीटरहून लांब असा रस्ता. पण स्पेनच्या आग्नेय भागात, मुर्सिया–आल्मेरिआकडे, राम्ब्ला म्हणजे कोरडा ओढा. शब्दाचं मूळ अरबी, वाळूशी निगडित. शरद ऋतूत तिकडे अचानक ढगफुटीसारखा पाऊस येतो आणि तासाभरात त्या कोरड्या पात्रातून लोंढा वाहतो. तिथल्या पाटीवर 'राम्ब्ला' वाचून फिरायचा रस्ता समजून गाडी उभी करणं म्हणजे गाडी वाहून जाण्याची तयारी.

भाषांतरवाली

उपयुक्त माहिती, धन्यवाद सगळ्यांना. पुस्तिकेत मुंबईचं एक पान आहे, त्यात मरीन ड्राइव्ह आहे. नाव तसंच ठेवणार, पण वर्णनात 'समुद्रकिनाऱ्याचा रस्ता' आहे. राम्ब्ला फक्त उरुग्वेसाठी का? आणि गल्लीचं काय?

नकाशेबहाद्दर

समुद्रकाठच्या रस्त्याला स्पेनमध्ये 'पासेओ मारितिमो'. मेक्सिको, क्यूबा, पेरूत मालेकोन (हवानाचा मालेकोन प्रसिद्धच आहे). आर्जेन्टिना आणि चिलीत कोस्तानेरा, उरुग्वेत राम्ब्ला. मरीन ड्राइव्हला कठडा आहे, लोक त्यावर बसतात, शेजारी गाड्यांचा रुंद रस्ता आहे, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मालेकोनच उभा राहील. सगळ्यांसाठी एकच हवं तर 'आवेनिदा आ ओरियास देल मार', म्हणजे समुद्रकाठची आवेनिदा. जरा पसरट आहे, पण कुठेच चुकत नाही.

आवेनिदा रुंद, बहुधा झाडं किंवा दुभाजक असलेला शहरी रस्ता. पासेओ म्हणजे मुळात फेरफटका, म्हणून फिरायला मोकळी जागा असलेला रस्ता, जसा माद्रिदचा पासेओ देल प्रादो. रोंदा म्हणजे बऱ्याचदा पाडलेल्या तटबंदीच्या जागी शहराभोवती फिरणारा रस्ता. आलामेदा झाडांच्या रांगांचा: सान्तियागो दे चिलेत तो शहराचा मुख्य रस्ता, मेक्सिको शहरात आलामेदा सेंत्राल चक्क बाग आहे. हे शब्द नावात आले की भाषांतर करायचं नाही, वर्णनात मात्र आवेनिदा पुरतं.

मेक्सिकोवारी

गल्ली: कायेखोन हा सगळ्यात सुरक्षित शब्द, अरुंद आणि बहुधा दोन उंच भिंतींमधली. स्पेनमध्ये कायेखुएला म्हणजे छोटी, वळणावळणाची जुनी गल्ली, त्यात थोडी आपुलकी आहे. पुण्याच्या पेठांतल्या बोळांना कायेखुएला शोभेल. कायेखोनमध्ये थोडा अंधार आहे.

बंद गल्ली म्हणजे 'कायेखोन सिन सालिदा', आणि 'कोंडी झाली, मार्ग खुंटला' या लाक्षणिक अर्थानेही स्पॅनिशमध्ये हेच म्हणतात. मेक्सिकोत पाट्यांवर बंद गल्लीला सेर्रादा, खाजगी वसाहतीच्या आतल्या गल्लीला प्रिवादा. आर्जेन्टिनात पुढे न जाणारा छोटा रस्ता कोर्तादा. चिलीत वसाहतीतल्या छोट्या रस्त्यांना पासाखे. स्पेनमध्ये पासाखे म्हटलं की बऱ्याचदा इमारतींच्या मधून जाणारी, कधी वरून झाकलेली वाट. पेरूत लिमाच्या जुन्या भागात रस्त्याला खिरोन म्हणतात, खिरोन दे ला उनिओन सगळ्यात माहितीतला. मुळात एका खिरोनमध्ये कित्येक काये येत असत, चौकाचौकाला वेगळं नाव. आता नकाशावर खिरोनच राहिला आहे.

बोगोताकर

कोलंबियाच्या वाचकांसाठी एक इशारा. तिथे काये आणि कार्रेरा हे दर्जाचे नसून दिशेचे शब्द आहेत. बोगोतात काये पूर्व–पश्चिम जातात आणि त्यांचे आकडे उत्तरेला वाढतात. कार्रेरा दक्षिण–उत्तर, डोंगराकडून पश्चिमेला आकडे वाढतात. तिरप्या रस्त्यांना दियागोनाल आणि त्रान्सव्हेर्साल. म्हणून कोलंबियात 'ती काये आहे' म्हटलं की तो कोणत्या दिशेचा रस्ता हे ऐकणाऱ्याला कळतं. स्पेनमध्ये कार्रेरा म्हणजे शर्यत, किंवा पदवीचा अभ्यासक्रम. रस्त्यांच्या मोजक्या जुन्या नावांतच तो शब्द उरला आहे, उदाहरणार्थ माद्रिदची कार्रेरा दे सान खेरोनिमो.

पत्ता वाचायची पद्धत: 'काये ४५ # १३-२७' म्हणजे घर काये ४५ वर आहे, कार्रेरा १३ पासून साधारण २७ मीटर पुढे. शेवटचा आकडा सम की विषम यावर रस्त्याची बाजू ठरते. एकदा सवय झाली की नकाशाशिवाय घर सापडतं. पण हा क्रम फिरवून 'कार्रेरा १३ # ४५-२७' लिहिलंत तर घर कोपऱ्याच्या दुसऱ्या अंगाला, दुसऱ्याच रस्त्यावर जाईल. भाषांतर करताना पत्त्यातला एकही शब्द 'सुधारू' नये.

अंतरासाठी लॅटिन अमेरिकेत क्वाद्रा, एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचं अंतर, ढोबळ शंभर मीटर. स्पेनमध्ये क्वाद्रा म्हणजे तबेला! तिथे मान्साना म्हणतात किंवा सरळ 'दोन काये पुढे'. पुस्तिकेत मीटर दिले की प्रश्नच मिटतो.

रिकामटेकडा

सायकलवाल्यांसाठीही घाला काहीतरी. कोलंबियात सिक्लोविआ म्हणजे रविवारी गाड्या बंद करून सायकलींसाठी मोकळे सोडलेले रस्ते ना? मी स्पेनमध्ये हाच शब्द 'सायकलपट्टी' म्हणून वाचलाय.

बोगोताकर

हो, बोगोतात सिक्लोविआ रविवारची आणि सणासुदीच्या सुट्ट्यांची. कायमस्वरूपी सायकलमार्गाला तिथे सिक्लोर्रुता म्हणतात. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात 'कार्रिल बिसी'. पुस्तिकेत 'रविवारी सिक्लोविआ' असं लिहिलंत तर बोगोताच्या वाचकाला मुंबईतही तोच उपक्रम आहे असं वाटेल, तेव्हा सायकलपट्टी असेल तर कार्रिल बिसी बरं.

शुद्धलेखनी

अव्ययांकडे कोणी लक्ष दिलं नाही अजून. रस्त्या'ने' किंवा रस्त्या'वरून' जाणं म्हणजे 'पोर': पोर ला काये, पोर ला कार्रेतेरा. रस्त्या'वर' असणं म्हणजे 'एन'. आता गंमत अशी की नाव जोडून 'तो एन ला काये अमुक राहतो' म्हटलं की झाला पत्ता. नाव गाळून नुसतं 'तो एन ला काये राहतो' म्हटलं की माणूस बेघर होतो.

'अमुक रस्ता पकडा' यासाठी स्पेनमध्ये सर्रास कोखेर वापरतात. मेक्सिको, आर्जेन्टिना आणि आणखी काही देशांत त्या क्रियापदाला लैंगिक अर्थ आहे. तोमार वापरा, स्पेनमध्येही ते बरोबरच आहे.

'सरळ जा': स्पेनमध्ये 'तोदो रेक्तो', लॅटिन अमेरिकेत 'देरेचो'. आणि 'उजवीकडे' म्हणजे 'आ ला देरेचा'. एका स्वराचा फरक! ऐकताना परक्या माणसाचा हटकून गोंधळ होतो, म्हणून पुस्तिकेत 'सिगा रेक्तो' ठेवा, सगळीकडे कळतं.

लिहिण्यातली एक बाब: स्पॅनिशमध्ये काये, आवेनिदा, प्लासा (चौक) हे सामान्य शब्द वाक्यात लहान अक्षराने सुरू होतात, मोठं अक्षर फक्त विशेषनामाला. इंग्रजी सवयीने सगळ्यांना मोठं अक्षर देणं ही भारतीय भाषांतरकारांची ठरलेली चूक. माद्रिदच्या ग्रान विआसारखी नावं अपवाद, कारण तिथे विआ नावाचाच भाग आहे. आणि काये, कार्रेतेरा, आवेनिदा, औतोपिस्ता, औतोविआ स्त्रीलिंगी, कामिनो, पासेओ, कायेखोन, सेंदेरो पुल्लिंगी. क्रमांकाने रस्ता ओळखायचा तेव्हाही ते लिंग टिकतं, म्हणून 'ला ए-६', 'ला रुता ४०'.

घाटमाथा

घाटाचं काय केलंत? स्पेनमध्ये डोंगर ओलांडायच्या जागेला पुएर्तो म्हणतात. पण पुएर्तो म्हणजे बंदरसुद्धा. स्पेनच्या माणसाला 'पुएर्तो दे भोर' वाचून भोर घाट बरोबर कळेल. मेक्सिको किंवा आर्जेन्टिनाचा माणूस खोपोलीला जहाजं शोधेल. लॅटिन अमेरिकेसाठी पासो म्हणा, म्हणजे 'पासो दे भोर'. वळणावळणाने चढणाऱ्या रस्त्याला आर्जेन्टिना आणि चिलीत कुएस्ता. सगळ्यांसाठी वर्णन करायचं तर 'कार्रेतेरा दे मोंतान्या', डोंगरी रस्ता.

अरुंदला स्पेनमध्ये एस्त्रेचा, लॅटिन अमेरिकेत आंगोस्ता जास्त. दरड कोसळण्याला स्पेनच्या पाट्यांवर 'देस्प्रेंदिमिएंतोस', लॅटिन अमेरिकेत देर्रुम्बेस, आणि मेक्सिकोत चिखलमातीचा लोट असेल तर देस्लावे. देर्रुम्बेस स्पेनमध्येही कळतं.

नकाशेबहाद्दर

दुसरं वाक्य आता सोपं झालं. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटर, टोलचा, दुचाकी–तीनचाकींना बंदी, कोणताही रस्ता पातळीवर छेदत नाही. म्हणजे स्पेनच्या व्याख्येनेही औतोपिस्ताच. शेजारचा जुना महामार्ग, वस्त्यांतून जाणारा, तो कार्रेतेरा. समृद्धी महामार्गाचा उल्लेख आला तर तोही औतोपिस्ता. आर्जेन्टिनात दुभाजक आहे पण चौकात रस्ते छेदतात अशा दुहेरी मार्गाला लोक औतोविआ म्हणतात आणि वाहतूक कायदा सेमिऔतोपिस्ता म्हणतो. आपल्याकडचे बरेचसे चौपदरी राष्ट्रीय महामार्ग त्या खणात जातील.

भाषांतरवाली

मग मसुदा असा करतेय, बघा:

१. सिगा रेक्तो पोर ला काये के एस्ता फ्रेंते आ ला एस्तासिओन.
२. एन ला औतोपिस्ता दे पेआखे मुंबई–पुणे एस्तान प्रोइबिदास लास मोतोसिक्लेतास.
३. लोस सिगिएंतेस दोस किलोमेत्रोस सोन दे कामिनो दे तिएर्रा.
४. ला कासोना एस्ता आल फिनाल दे उन कायेखोन सिन सालिदा.
५. ला कार्रेतेरा दे मोंतान्या एस एस्त्रेचा इ एन एल मोन्सोन आय देर्रुम्बेस.
६. क्रुसे ला काये इ सुबा आ ला फोर्तालेसा पोर एल सेंदेरो.

शुद्धलेखनी

पाच वाक्यं चोख. सहावं तपासा: गडाखालचा रस्ता वस्तीत आहे का? माळावरून जाणारा हमरस्ता असेल तर 'क्रुसे ला कार्रेतेरा'. वाचणारा तिथे गाड्यांचा वेग जास्त धरून चालेल, आणि ते खरंच आहे.

भाषांतरवाली

हमरस्ताच आहे, गाव मागे राहतं. कार्रेतेरा करते. शेवटचे दोन प्रश्न: एका ठिकाणी 'पाणंद रस्ता' आहे, आणि गोव्याच्या पानावर पणजीच्या फोन्तेन्यास भागातल्या 'रुआ' नावाच्या पाट्या आहेत. त्यांना काये करायचं का?

पाणंद

रुआ तशीच ठेवा. ती पोर्तुगीज आहे आणि पाटीवर तेच लिहिलंय. शिवाय स्पेनमधल्या गालिसियातही रस्त्याला रुआच म्हणतात, त्यामुळे स्पॅनिश वाचकाला ती परकी वाटणार नाही. बार्सेलोनाच्या पाट्यांवर कार्रेर आणि बिल्बाओच्या पाट्यांवर कालेआ असतं, त्यांनाही कोणी काये करत नाही.

पाणंदीला स्पेनसाठी 'कामिनो आग्रिकोला', म्हणजे शेतांमधली वाट. मेक्सिकोत शेतमाल बाहेर काढायच्या वाटेला 'कामिनो साकाकोसेचास' म्हणतात, पण बाहेर ते कळणार नाही. तुमच्या पुस्तिकेत 'कामिनो दे तिएर्रा एंत्रे कांपोस दे कुल्तिवो' लिहा, शेतांमधला मातीचा रस्ता. पावसाळ्यात तिथे गाडी रुतते हेही त्याच ओळीत टाका, 'कामिनो दे तिएर्रा' वाचून कोणी छोटी गाडी घेऊन शिरायला नको.